दहा मिनिटांची अयोध्या

"कीर्तनात तोंड उघडतेस तेवढे डोळे उघड, म्हणजे थेंब आत जाईल," मनूआत्या म्हणाली.

मी डोळे उघडले. थेंब नाकावर पडला.

"आत्या, नाकाचं ऑपरेशन नाही झालेलं."

"मग हलतेस कशाला मेले! वर बघ पुन्हा."

पंधरा-सोळा वर्षं झाली या गोष्टीला. शिमगा आटोपला आणि मी पुण्याला जाऊन दोन्ही डोळ्यांचं लेझर करून आले. मुद्दाम शिमग्यानंतर केलं, म्हणजे रंगाची भानगड नको. वाईला परतले ती काळा गॉगल लावून. माझा नवरा श्रीरंग सकाळी बँकेत जाणार, म्हणून मनूआत्या आपली पिशवी आणि टाळ घेऊन आमच्याकडे राहायला आली. मनूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि कीर्तनातली माझी गुरू. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे नियम तिनं एकदाच ऐकले आणि मग देवाचे सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळावेत तसे माझ्याकडून पाळून घेतले. डोक्यावरून पाणी नाही. डोळे चोळायचे नाहीत. चुलीशी, म्हणजे गॅसशीसुद्धा, उभं राहायचं नाही. झोपताना डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या वाट्या चिकटवायच्या. आणि दर थोड्या वेळानं थेंब. डोळे कोरडे पडता कामा नयेत, हे डॉक्टरांनी तिला इतकं बजावलं होतं, की ती मला झोपेतून उठवून विचारायची, "कोरडे पडले का गं?"

मी मूळचीच चिडकी. त्यात चार दिवस नुसतं पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. पण एका सकाळी गॉगल काढायची परवानगी मिळाली, मी खिडकीशी गेले आणि तिथंच उभी राहिले.

"आत्या! समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात!"

"चैत्र आलाय. लोक कुरडया घालणारच."

"अगं, मला दिसतायत! कुरडईचा एकेक काटा दिसतोय!"

"इतकी वर्षं खाताना टोचला नाही होय?" आत्या म्हणाली. पण तीही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरं, आता ती दोरीवरची साडी कुठल्या रंगाची, सांग."

पाचवीत मला चष्मा लागला आणि वाढत वाढत आठ नंबरावर गेला. काचा अगदी सोड्याच्या बाटलीचे तळ. सकाळी उठल्यावर आधी उशाशी चष्मा चाचपायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. फक्त कीर्तनाला उभी राहिले की चष्मा काढून ठेवायचा. त्याचंही कारण होतं. बाराव्या वर्षी मी पहिलं कीर्तन केलं, शेवटी आरतीला वाकले आणि चष्मा घसरून थेट पेटत्या निरांजनांच्या ताटात! सगळं देऊळ हसलं. तेव्हाच आत्यानं फर्मान काढलं, "यापुढं चष्मा काढून उभी राहा. कीर्तनकाराला लोक दिसले नाहीत तरी चालतं. लोकांना कीर्तनकार दिसला म्हणजे झालं."

तेव्हापासून मी धुक्यासमोर कीर्तन करत आले. समोर नुसते रंगांचे डाग. त्यातला उजव्या खांबाशी असलेला फिकट डाग म्हणजे आत्या, एवढं ठाऊक. वेळ कळायची ती पेटीवरच्या भार्गवकाकांमुळे. वेळ भरत आली, की ते अंगठीनं पेटीच्या लाकडावर तीनदा टकटक करायचे. तेच माझं घड्याळ.

तर कुरडयांच्या दुसऱ्याच दिवशी नाना खांबेटे आले. आमच्या आळीतल्या राममंदिराचे ते विश्वस्त. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हेमाताई, यंदा रामनवमीचं जन्माचं कीर्तन तुम्ही करायचं."

मी आत्याकडे बघितलं. आत्या थेंबांच्या बाटलीचं टोपण लावत होती. ते एकदा लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"साताऱ्याचे बुवा?" मी विचारलं.

"त्यांचं नाव काढू नका. गेल्या वर्षी दशरथाच्या यज्ञात अडकले ते अडकलेच. राम सव्वाबाराला जन्मला! नैवेद्य थंड आणि माणसं गरम. अहो, बारा म्हणजे बारा. तेव्हा यंदा तुम्ही करून बघा. जन्म वेळेवर लागला, लोकांना रुचलं, तर दर वर्षी तुमचंच. नाही जमलं तर बुवा आहेतच."

नाना गेल्यावर मी आत्यावरच भडकले. म्हणजे राग तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती.

"तीस वर्षं तू या देवळात उभी राहिलीस. दशमी तुझी, एकादशी तुझी. नवमी कधी दिली का तुला?"

"नाही दिली."

"आणि का नाही दिली?"

"ते तुलाही ठाऊक आहे. पाळणा सवाष्णीनं म्हणायचा, नाहीतर बुवांनी." आत्यानं हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. तिचे यजमान लग्नानंतर चार वर्षांतच गेले होते. माहेरी परत आली, कीर्तन शिकली, आम्हा भावंडांना वाढवलं. आम्हाला झोपवायला तिनं रामाचा एक पाळणा स्वतः रचला होता. घराच्या उंबऱ्याबाहेर तो कुणी ऐकला नव्हता.

"मी नाही करत जा," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? या घरात जन्माचं कीर्तन पहिल्यांदा येतंय आणि ही म्हणे नाही करत! करायचं. आणि असं करायचं, की पुढच्या वर्षी कुणाला बुवांची आठवण होता कामा नये."

"मग पाळणा तुझा म्हणते."

"माझा घरातला आहे. देवळात देवळातला म्हण." एवढं बोलून ती उठली आणि बाटली घेऊन आली. "वर बघ."

आत्याला घेऊन तपासणीला पुण्याला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. तरुण होत्या, हसऱ्या होत्या. "कीर्तन ना? करा की. फक्त धूर टाळा."

"कापूर असतो."

"बरं. धूळ टाळा."

"मध्यंतरात बुक्का लावतात."

"हं. आणि महिनाभर रंग अजिबात नाही."

"बारा वाजता गुलाल उधळतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. शेवटी असं ठरलं, की बुक्क्याऐवजी गंध लावायचं, कापूर लांब पेटवायचा आणि गुलाल उडाला की डोळे गच्च मिटून वर कापड धरायचं. "आणि काही झालं तरी चोळायचं नाही," त्या मला न सांगता आत्याला म्हणाल्या. कुणाला सांगायचं ते डॉक्टरांना बरोबर कळतं.

नवमीच्या सकाळी नऊवारी नेसले, कमरेला शेला बांधला, चिपळ्या घेतल्या आणि सवयीनं नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला. श्रीरंग हसायला लागला. "तो चष्मा आता आरतीत पडायचा नाही बरं का," म्हणाला.

देवळात शिरले आणि समोरच्या भिंतीवर एक नवंकोरं, चांगलं परातीएवढं घड्याळ दिसलं. मी घरी पडून होते तेव्हा पाडव्याला कुणीतरी ते देवाला दिलं होतं. मला तर आनंदाचं भरतंच आलं. भार्गवकाका पेटीचा भाता सोडत होते, त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काका, आज टकटक नको. मला घड्याळ दिसतंय!"

"दिसतंय ना? पण हेमा, ते—"

"काका, सेकंदकाटासुद्धा दिसतोय!"

"बरं बाई," काका म्हणाले. ते मनातून थोडे खट्टू झाले असावेत. इतकी वर्षं मला वेळ तेच देत होते.

पूर्वरंग झाला. मध्यंतरात नानांनी माझ्या कपाळावर गंधाचा टिपका असा जपून लावला, जसा काही बारशाच्या बाळाला तीट लावतायत. हार घातला आणि सगळ्यांना बजावलं, "ताईंचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. गुलाल इकडे उधळायचा नाही. इकडे फक्त फुलं!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

उत्तररंगाला सुरुवात केली. काय सांगू, असा आवाज लागला होता! दशरथाचं दुःख झालं, यज्ञ झाला, पायसाची वाटणी झाली. एक डोळा घड्याळावर. लोकांकडे बघायचं धाडस अजून होत नव्हतं, कारण नीट दिसणाऱ्या इतक्या माणसांपुढे मी कधी उभीच राहिले नव्हते. घड्याळाचा मात्र आधार वाटत होता. काटे जवळ येत होते तशी मी कथा आवळत आणली. कौसल्येला कळा सुरू झाल्या. दासी धावल्या. सूर्य माथ्यावर आला. घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी. मी सूर चढवला आणि म्हटलं, "आणि त्या क्षणी, त्या महालात..."

एकाही माणसाचा हात गुलालाकडे गेला नाही. पाळण्यावरचं वस्त्र तसंच. पुजारीबुवांचा तर पत्ताच नव्हता. मी भार्गवकाकांकडे बघितलं. त्यांचे डोळे हे एवढे झाले होते. भाता ओढता ओढता ते दातांतून म्हणाले, "अगं ए, घड्याळ पुढं आहे! दहा मिनिटं पुढं आहे!"

तिकडे डाव्या खांबाशी नाना उभे होते. दोन्ही हात वर करून दहाही बोटं नाचवत होते. सगळा उलगडा मला नंतर झाला. बुवांनी उशीर केला म्हणून नानांनी नवीन घड्याळ मुद्दाम पुढं लावलं होतं, आणि ते साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं. सांगितलं नव्हतं फक्त आमच्या घरी. हेमाताईंना घड्याळ कुठं दिसतंय, असं जुन्या सवयीनं म्हणाले म्हणे!

आता काय करू? जन्म लावून टाकू? मग आळी सात पिढ्या म्हणणार, बुवांनी रामाला उशीर केला आणि हेमाबाईंनी अपुऱ्या दिवसांचा जन्माला घातला! पुढच्या वर्षी बुवा ठरलेलेच. आणि नाही लावायचा, तर दहा मिनिटं बोलू काय? माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. घोकलेलं पार गंगार्पण!

लहानपणापासूनची सवय, अडलं की आत्याकडे बघायचं. पण आजवर तिथं फिकट डागच असायचा. त्या दिवशी मी उजव्या खांबाकडे बघितलं आणि पहिल्यांदा मला आत्याचा चेहरा दिसला.

तिचे ओठ हलत होते.

मी सोडलेलं वाक्य ती मनाशी म्हणत होती. "त्या क्षणी, त्या महालात..." आवाज नाही, नुसते ओठ. तेव्हा मला कळलं, की ती आज पहिल्यांदा म्हणत नाहीये. बाराव्या वर्षापासून माझ्या प्रत्येक कीर्तनात ही बाई खांबाशी बसून माझं प्रत्येक वाक्य माझ्याबरोबर म्हणत आली होती. आणि घरी गेल्यावर मला काय सांगायची? "बरं झालं. दुसरं पद जरा चढं लागलं." एवढंच!

कुठून बळ आलं देव जाणे. मी चिपळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "थांबा, थांबा! कौसल्यामाई म्हणाल्या, राम आत्ता येईल, पण अयोध्या तयार आहे का ते आधी बघून या!"

आणि मी लोकांकडे बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं.

"ही बघा, अयोध्येची माळीण! राम जन्मायला आला तरी हिचा गजरा अजून अर्धाच!" पुढच्या रांगेत मांडीवर मोगरा ओवत बसलेल्या इंदूवहिनी दचकल्या आणि "इश्श!" म्हणून तोंडाला पदर लावला. लोक हसले. "आणि हा राजवाड्याचा द्वारपाल. जागा राहून राहून बिचारा दमलाय." मागच्या भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेल्या गृहस्थांना शेजाऱ्यानं कोपर मारलं, तसे ते "रामकृष्णहरी!" करून उठले. देऊळ हसून लोटपोट. "आणि ते तिथं प्रधानजी. राजानं विचारलं, किती वेळ आहे? बिचाऱ्यांची वाचा बसलीय, दहा बोटं दाखवतायत कधीची!" नानांनी चटकन हात खाली घेतले आणि मग स्वतःच इतके हसले, की टोपी काढून वारा घ्यायला लागले. तेवढ्यात सुंठवड्याचं पातेलं घेऊन पुजारीबुवा धापा टाकत आत आले. "वसिष्ठ आले, बाजूला व्हा!" मी ओरडले. पुजारीबुवांना काहीच कळेना. ते पातेल्यासकट सगळ्यांना नमस्कार करायला लागले.

भार्गवकाका तर असे रंगले होते, की मी माणूस दाखवायचा आणि त्यांनी पेटीवर त्याची चाल धरायची. कीर्तनात इतकी मजा असते हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि मग माझी नजर पुन्हा खांबाकडे गेली. आत्याही हसत होती. डोळे पुसत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सगळी अयोध्या तयार आहे. पण एक बाई अजून दाराशीच बसलीय."

हसणं थांबलं.

"ती सुईण आहे. गावातली सगळी मुलं तिनं हातांवर झेलली, न्हाऊमाखू घातली, गाऊन झोपवली. पण आज राम येणार, तर तिला कुणी आत बोलावलं नाही. का नाही बोलावलं, ते कुणी बोलत नाही. ती पण विचारत नाही." आता थांबणं शक्य नव्हतं. "कौसल्यामाई म्हणाल्या, आधी तिला आत आणा. ती आल्याशिवाय मी बाळाला येऊ देणार नाही."

कुणाबद्दल चाललंय ते आळीत कळलं नाही असा माणूस नव्हता. आत्यानं मान खाली घातली होती. मला वाटलं, संपलं, आता नाना उठणार. नाना उठलेच. पण ते आत्याच्या बाजूला गेले, हात जोडले आणि म्हणाले, "मनूताई, बारा वाजत आलेत. चला."

"नाना, अहो मी कशी—"

इंदूवहिनींनी गजरा बाजूला ठेवला आणि तिचा हात धरला. "उठा बघू मनूताई. रामाचा खोळंबा होतोय तुमच्यापायी!"

आणि पेटीवर अंगठी वाजली. टक. टक. टक. बारा!

"राम जन्मला गं!" मी ओरडले आणि पुढं एकच गजर झाला. घंटा, टाळ, शंख! फक्त फुलं टाकायची असं सगळ्यांनी कबूल केलं होतं, पण बारा वाजता कोण कुणाचं ऐकतंय! गुलालाचा लोटच्या लोट माझ्याकडे येताना मला दिसला आणि मी बघतच राहिले. इतका लाल रंग मी आयुष्यात असा बघितला नव्हता.

"मेले, डोळे मीट!" आत्या धावत वर आली आणि तिनं माझं डोकं पदरात गुंडाळून आपल्या खांद्यावर दाबून धरलं.

आत अंधार होता. तिच्या साडीला कापराच्या डबीचा वास होता. बाहेर भार्गवकाकांनी पाळण्याचा सूर धरला, एकदा वाजवला, दोनदा वाजवला. मला म्हणायचं होतं. पण माझा गळा असा भरून आला होता, की सूर सोडा, शब्द फुटेना.

"म्हण की गं," आत्या कुजबुजली.

"तू म्हण," मी पदरातून म्हटलं.

"हेमे, हट्ट करू नको."

"मला काही दिसत नाहीये, आवाजही नाही. तूच म्हण. तुझा म्हण."

तिचा श्वास माझ्या कानाशी थांबला. मग तिचं अंग जरा ताठ झालं, आणि माझ्या लहानपणीचा तो आवाज सगळ्या देवळात उमटला:

"हळू हालव गं दोरी, ऊन थांबलंय दारी,
सावळं लेकरू आलं कौसल्येच्या घरी..."

दुसऱ्या कडव्याला बायका मागं म्हणायला लागल्या. मी काही बघितलं नाही. ज्या दिवसासाठी डोळे नीट झाले असं मला वाटत होतं, त्या दिवसाचा नेमका तो क्षण मी अंधारात काढला. आणि तरी विचाराल तर सांगते, त्यापेक्षा चांगलं मी काही पाहिलेलं नाही.

गुलाल बसल्यावर आत्यानं पदर सोडला. मी तिच्याकडे बघितलं आणि हसूच फुटलं. पांढरे केस, भुवया, कान, सगळं लालेलाल! चाळीस वर्षांत तिच्या अंगावर गुलालाचा कण पडला नव्हता.

नाना सुंठवडा घेऊन आले. "हेमाताई, पुढच्या वर्षी पण तुम्हीच. आणि पाळणा मनूताईंचा. ते घड्याळ तेवढं आजच बरोबर लावून टाकतो."

"हात लावाल तर बघा!" भार्गवकाका पेटीवरून ओरडले. "ती दहा मिनिटं राहू देत. अयोध्या बघायला लागतात."

ते घड्याळ आजही दहा मिनिटं पुढं आहे. आणि पाळणा आजही आत्याच म्हणते. आता खुर्चीवर बसून म्हणते.

पण त्या दिवशी, सगळे प्रसादाला पांगल्यावर, मी देवळाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागले. आत्या शेजारी येऊन बसली. आता रागावेल असं वाटलं. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे केलं आणि एकेक डोळा निरखून पाहिला.

"दुसरं पद जरा चढं लागलं," ती म्हणाली. मग हातातली थेंबांची बाटली तिनं टोपण न काढताच पिशवीत टाकली. "रड हवं तेवढं. आज थेंब घालायला नकोत."